मुलाचा ‘केनियाचं पारंपरिक जेवण’ प्रकल्प: सुरुवात चार्ट पेपरपासून करू नका

रविवारी संध्याकाळी चार्ट पेपर आणायचा, उगाली (पीठ शिजवून केलेला घट्ट गोळा), न्यामा चोमा (भाजलेलं मांस), चपाती आणि समोशाचे फोटो छापून चिकटवायचे, वर रंगीत अक्षरांत शीर्षक द्यायचं आणि सोमवारी मुलाच्या हाती सोपवायचं. नैरोबीतल्या अनेक मराठी घरांत हा प्रकल्प असाच उरकला जातो. मग वर्गात शिक्षिका साधाच प्रश्न विचारतात, “हे कोणत्या समाजाचं जेवण? तुमच्या घरी कुणी करून बघितलं का?” आणि मूल गप्प बसतं.

यात मुलाचा दोष नाही. कामाचा क्रमच उलटा लागलेला असतो. आधी शाळेचा प्रश्न नीट समजून घ्यायचा, मग एक समाज निवडायचा, मग त्या समाजातल्या माणसाशी बोलायचं, मग बाजार, मग स्वयंपाक, आणि कागद सगळ्यात शेवटी. आधीचे टप्पे नीट झाले असतील तर कागदाचं काम एका संध्याकाळी होतं. ते झाले नसतील तर कितीही सजवलेला चार्ट पोकळच राहतो.

हा लेख मुख्यतः केनियात राहणाऱ्या, तिसरी ते सहावीतल्या मुलांच्या पालकांसाठी आहे. पुण्यात किंवा दुबईत असाल आणि मुलाच्या वाट्याला शाळेच्या कार्यक्रमासाठी ‘केनिया’ आला असेल, तरी क्रम हाच ठेवा. काय बदलायचं ते जागोजागी सांगितलं आहे. हाताशी किमान एक आठवडा हवा आणि त्यात एक शनिवार-रविवार यायला हवा.

## टप्पा १: शाळेने नेमकं काय मागितलंय ते ठरवा

पालकांच्या ग्रुपवर आलेली एक ओळ वाचून कामाला लागू नका. ‘पारंपरिक जेवण’ म्हणताना शाळेच्या मनात तीनपैकी एक गोष्ट असते: एखाद्या समाजाचे पूर्वापार पदार्थ, आज केनियात सर्वत्र खाल्लं जाणारं जेवण, किंवा देशी धान्य-भाज्या आणि त्यांतलं पोषण. तिन्हींची उत्तरं वेगवेगळी आहेत. केनियाच्या क्षमताधारित (सीबीसी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या) अभ्यासक्रमात मुलाने स्वतः करून बघण्यावर भर आहे, त्यामुळे नुसती माहिती बहुधा पुरत नाही.

शिक्षिकांना एवढंच विचारा: किती पदार्थ हवेत, शिजवलेला पदार्थ आणायचा की कच्चे नमुने, सादरीकरण तोंडी की लेखी, आणि एकट्याने की गटात. शक्यतो मुलालाच विचारू द्या. घरून चिठ्ठी गेली की मूल त्या कामातून अर्धं बाहेर पडतं.

मग मुलासोबत बसून पदार्थांचे तीन गट करा. हे काम अर्ध्या तासाचं आहे, पण सर्वाधिक चुका इथे होतात.

पहिल्या गटात आफ्रिकेत फार पूर्वीपासून पिकणारं किंवा होणारं अन्न येतं: विंबी म्हणजे नाचणी, म्तामा म्हणजे ज्वारी, मवेले म्हणजे बाजरी, कुंडे म्हणजे चवळी आणि तिचा पाला, मनागू, सागा आणि म्रेंडा या पालेभाज्या, आंबवलेलं दूध. दुसऱ्या गटात बाहेरून येऊन इथल्या जेवणात पक्कं बसलेलं अन्न: मका, राजम्याच्या जातीचे घेवडे, बटाटा, रताळं आणि कसावा हे सगळं अमेरिकेतून आलं. पांढरा मका केनियाचं मुख्य अन्न झाला तो विसाव्या शतकात. त्याआधी उगाली म्हणजे नाचणी-ज्वारीची. तिसऱ्या गटात चपाती, समोसा, भजी. मोम्बासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतची रेल्वे १८९६ ते १९०१ या काळात बांधली गेली. तिच्यासाठी हिंदुस्थानातून मजूर आले, मागोमाग व्यापारी आले, आणि त्यांच्याबरोबर हे पदार्थ इथे रुजले.

चपाती आज केनियाच्या सणासुदीच्या जेवणात मानाने असते, त्यामुळे ती वगळायलाच हवी असं नाही. पण ती लिहिताना ‘नंतर आलेली’ असं लिहा. उगालीबद्दलही मुलाला हे ठाऊक हवं की मका जुना नाही, पीठ शिजवून घट्ट गोळा करायची रीत जुनी आहे.

तपासा: “उगाली पारंपरिक का?” या प्रश्नाला मूल स्वतःच्या शब्दांत दोन वाक्यं बोलू शकतं का? बोलू शकत असेल तरच पुढे जा.

## टप्पा २: एक समाज, दोन पदार्थ

केनियात चाळीसहून अधिक समाज आहेत आणि त्यांची जेवणं हवामानाप्रमाणे, धंद्याप्रमाणे बदलतात. सगळा देश एका चार्टवर मावत नाही. मुलाला एकच समाज आणि त्याचे दोनच पदार्थ घ्यायला सांगा. शाळेने पाच पदार्थ मागितले असतील तर दोन सविस्तर आणि तीन फक्त नावापुरते.

निवडायला सोपं जावं म्हणून हा ढोबळ नकाशा:

मध्य केनियाचा थंड डोंगराळ भाग, किकुयू, एंबू आणि मेरू समाज. मका आणि घेवडा एकत्र शिजवलेली गिथेरी. बटाटा, मका आणि भोपळ्याचा पाला घोटून केलेला हिरवट मुकिमो. नाश्त्याला उकडलेली रताळी आणि न्दुमा. न्दुमाला इथे बाजारात सर्रास ॲरोरूट म्हणतात, प्रत्यक्षात तो अळूचा कंद आहे.

उकंबानी, म्हणजे कांबा समाजाचा कोरडा पट्टा. साल काढलेला मका आणि कडधान्य यांची मुथोकोई. तूर इथे भरपूर पिकते. ती मूळची भारतातली. नाचणी, ज्वारी, बाजरी आणि चवळी यांनी मात्र आफ्रिकेतून भारताकडे प्रवास केला. मराठी मुलाने वर्गात सांगावी अशी ही गोष्ट आहे, कारण ती खरी आहे आणि त्याच्या रोजच्या ताटातली आहे.

पश्चिमेकडे लुह्या समाज: ओबुसुमा म्हणजे उगाली, कोंबडी, आणि बुळबुळीत होणारी म्रेंडा. ही भाजी शिजवताना राखेतून पाणी गाळून केलेलं क्षार-पाणी घालण्याची रीत आहे, त्याने पाला मऊ होतो. त्याच्या दक्षिणेला किसी भागात विंबीचं ओबोकिमा, केळी, आणि चिन्सागा नावाने ओळखला जाणारा सागा.

व्हिक्टोरिया सरोवराचा काठ, लुओ समाज: कुऑन म्हणजे उगाली, तिच्याबरोबर न्गेगे हा मासा किंवा उन्हात वाळवलेली ओमेना ही बारीक मासळी. इथे एक काळजी घ्या. म्बुटा हा मोठा मासा सरोवरात बाहेरून आणून सोडला गेला तो १९५० च्या दशकात, त्यामुळे त्याला पूर्वापार म्हणू नका.

रिफ्ट व्हॅलीतले कालेंजिन: किम्येट म्हणजे उगाली, आणि मुर्सिक. मुर्सिक म्हणजे ठरावीक झाडाच्या कोळशाने आतून घासलेल्या वाळक्या भोपळ्यात आंबवलेलं दूध. शर्यत जिंकून परतणाऱ्या धावपटूंचं स्वागत याच दुधाने होतं, हे मुलांना पटकन लक्षात राहतं. मासाई, सांबुरू आणि तुर्काना हे पशुपालक समाज: दूध, मांस, आणि विशेष प्रसंगी जनावराचं रक्त. उत्तरेकडे सोमाली आणि बोराना: उंटिणीचं दूध, आणि बारीक तुकडे वाळवून, तळून, चरबीत टिकवलेलं मांस.

किनाऱ्यावरचा स्वाहिली समाज: नारळाच्या दुधातला भात, नारळाच्या दुधातली तूर म्हणजे म्बाझी, आणि तिच्याबरोबर वेलची घातलेली माहाम्री, म्हणजे तळलेला गोडसर पाव.

निवड कशी करायची? पदार्थ सोपा आहे की अवघड, यावरून ठरवू नका. ज्या समाजातल्या माणसाशी मूल प्रत्यक्ष बोलू शकेल, तो समाज घ्या. केनियाबाहेर असाल तर उलट बघा: ज्याचे जिन्नस तुमच्या गावात मिळतात तो घ्या. तूर, नारळ, चवळीचा पाला, नाचणी आणि ज्वारी महाराष्ट्रात सहज मिळतात, त्यामुळे म्बाझी किंवा नाचणीची उगाली तिथे चांगली जमते.

शाकाहारी घरांसाठी गिथेरी, मुथोकोई, मुकिमो, पालेभाज्या आणि म्बाझी हे मार्ग मोकळे आहेत. पण मुलाने मासाई किंवा लुओ निवडले तर अडवू नका. घरी मासा शिजवला नाही म्हणून त्याबद्दल शिकता येत नाही असं नाही. अशा वेळी शिजवायला त्या समाजाची भाजी किंवा उगाली घ्या, आणि मासा-मांसाची माहिती माणसाकडून मिळवा. घरातल्या मोठ्यांनी रक्ताचा किंवा वाळवलेल्या माशाचा विषय निघताच नाक मुरडलं, तर मूल तेच घेऊन वर्गात जाईल, आणि त्या वर्गात ज्यांच्या घरी ते शिजतं ती मुलं बसलेली असतील.

## टप्पा ३: माणसाशी बोला

हा टप्पा गाळला की प्रकल्प कोरडा होतो, आणि बहुतेक घरांत नेमका हाच गाळला जातो. नैरोबीत राहून केनियाच्या जेवणाची माहिती फक्त इंटरनेटवरून घेणं मला खरोखर वाईट वाटतं. सांगणारी माणसं रोज आपल्या दारात असतात: घरकामाला येणाऱ्या ताई, गेटवरचे असकारी म्हणजे पहारेकरी, ड्रायव्हर, कोपऱ्यावरची मामा म्बोगा म्हणजे भाजीवाली, वर्गमित्राची आजी.

“तुमची जमात कोणती?” असं थेट विचारायला मुलाला शिकवू नका. इथे हा प्रश्न नाजूक आहे, निवडणुकीच्या आसपास तर फारच. “तुमचं गाव कुठलं? तुम्ही लहान असताना घरी काय शिजायचं?” असं विचारलं की माणूस आपणहून सगळं सांगतो. दुसरी गोष्ट, आडनावावरून गृहीत धरू नका. नैरोबीतच जन्मलेल्या कित्येकांनी गावाकडचे पदार्थ कधी केलेले नसतात; तसं असेल तर ते आपल्या आईचा किंवा आजीचा फोन लावून देतात, आणि तो फोन बहुधा सगळ्यात उपयोगी ठरतो.

किनाऱ्याकडच्या वयस्कर माणसाला मुलाने ‘शिकामू’ म्हणून नमस्कार करावा. किकुयू आजीला ‘शोशो’, लुओ आजीला ‘दानी’ म्हटलेलं त्यांना आवडतं. नावाने हाक मारू देऊ नका.

विचारायचे प्रश्न मुलाने स्वतःच्या वहीत आधी लिहून काढावेत:

- लहानपणी रोजच्या जेवणात काय असायचं? आणि सणाला, लग्नाला?
- हा पदार्थ कोण करायचं, कुठल्या भांड्यात, कशावर?
- धान्य किंवा भाजी विकत आणायचे की शेतातून यायची?
- तुमच्या भाषेत याला काय म्हणतात? (म्हणून दाखवायला सांगा, मुलाने ऐकून लिहावं.)
- आता शहरात हा पदार्थ करताना काय बदललं?
- कुणी काय खायचं नाही, असे काही नियम होते का?

शेवटच्या प्रश्नाला बरेचदा सगळ्यात रंजक उत्तर मिळतं. काही समाजांत कोंबडीचे ठरावीक भाग ठरावीक माणसांसाठी राखलेले असत. असलं काही ऐकून मुलांचे डोळे मोठे होतात आणि मग ती आपणहून पुढचे प्रश्न विचारतात.

सावध: घरकाम करणाऱ्या ताईंशी बोलायचं असेल तर त्यांच्या कामाच्या वेळेतूनच वेळ काढा; काम संपल्यावर थांबवून ठेवू नका. त्यांनी शिजवून दाखवायचं कबूल केलं तर दुसरं काम कमी करा किंवा वेगळे पैसे द्या. फोटो, आवाज आणि नाव वापरायला आधी विचारा. ‘नाव नको’ म्हणाल्या तर ‘माझ्या ओळखीच्या एक मावशी’ असं लिहिलं तरी चालतं.

तपासा: मुलाच्या वहीत इंटरनेटवर सापडणार नाही अशी एक तरी गोष्ट आली आहे का?

## टप्पा ४: बाजारात मुलाला बरोबर न्या

सुपरमार्केटपेक्षा मामा म्बोगाची टपरी किंवा आठवडी बाजार बरा, कारण तिथे पाला जुडीने मांडलेला असतो आणि नाव विचारलं की सांगणारं कुणी असतं. कापडी पिशवी किंवा कियोंडो, म्हणजे इथली विणलेली पिशवी, न्या. प्लास्टिकच्या पिशव्यांवर केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून बंदी आहे.

‘म्बोगा झा किएन्येजी’ म्हणजे देशी भाज्या असं म्हटलं की ती काय काय दाखवेल ते मुलाने हातात घेऊन, वास घेऊन बघावं. तेरेरे हा आपला माठ-राजगिऱ्याचा पाला. कुंडे म्हणजे चवळीचा पाला, जरा जाडसर. मनागूची पानं गडद हिरवी, चवीला कडसर. सागाचं पान हाताच्या पंजासारखं पाच भागांत फुटलेलं, वास उग्र. त्याची तीच जात महाराष्ट्रात तिळवण म्हणून पावसाळ्यात उगवते. म्रेंडा तागाच्या कुळातली, पानाच्या कडा करवती. एकेक पान वहीत दाबून ठेवा. छापील चित्रापेक्षा ते पान शिक्षिकांना जास्त आवडेल. सुकुमा विकी (केलसारखी पालेभाजी) हवी असेल तर तीच बाई ती बारीक चिरूनही देते. ते चिरणं मुलाला नक्की बघू द्या: पानांची घट्ट गुंडाळी मुठीत धरून, पाट न घेता, सुरीने केसांसारखे पातळ काप काढत जाते.

पिठाच्या बाबतीत घोटाळा होतो तो असा. उगालीला पांढऱ्या मक्याचं पीठ लागतं, इथे त्याला ‘उंगा’ म्हणतात. भारतात मिळणारं पिवळ्या मक्याचं पीठ वापरलं तर उगाली होते, पण चव गोडसर आणि रंग वेगळा येतो. तसं चार्टवर लिहा. कॉर्नफ्लॉवर मात्र मुळीच नाही, तो नुसता स्टार्च आहे आणि त्याची खळ होते.

सावध: सुटा मका किंवा गिरणीतलं पीठ घेताना बुरशीचा वास, काळपट-हिरवट दाणे दिसले तर घेऊ नका आणि धुऊन वापरायचा विचारही करू नका. दमट साठवणीत मक्यावर अफ्लाटॉक्सिन हे विष धरतं, ते शिजवून जात नाही. २००४ मध्ये पूर्व केनियात अशा मक्याने १२५ माणसं दगावली. आणि रानातला पाला ओळखता येतो असं वाटलं तरी मनागू कुंपणाच्या कडेने खुडून आणू नका, विकत घ्या.

## टप्पा ५: स्वयंपाक

### उगाली

चार माणसांना चार कप पाणी आणि साधारण दोन ते अडीच कप पीठ. भांडं जाड बुडाचं, इथली ॲल्युमिनियमची सुफुरिया असेल तर उत्तम. ढवळायला म्विको, म्हणजे चपट्या तोंडाचा लाकडी उलथनं-चमचा. गोल डावाने पीठ दाबता येत नाही.

१. पाणी खळखळून उकळू द्या. नुसतं गरम झालेलं पाणी चालत नाही. मीठ घालायचं नाही.

२. मूठभर पीठ भुरभुरा आणि एक मिनिट उकळू द्या. पाणी दुधाळ होतं.

३. उरलेलं पीठ दोन-तीन वेळा करून घाला, सतत ढवळत. गुठळ्या झाल्या तर भांड्याच्या कडेला दाबून फोडा. घाबरून वरून पाणी ओतू नका.

४. आता पीठ घट्ट होतं आणि ढवळणं थांबून दाबणं सुरू होतं. म्विकोने गोळा कडेला दाबायचा, उलटायचा, पुन्हा दाबायचा. आपल्या तांदळाच्या उकडीपेक्षा गोळा अधिक घट्ट हवा. एकाने भांडं पकडावं, दुसऱ्याने दाबावं.

५. आच मंद करा, गोळा मधोमध गोळा करून झाकण ठेवा. मधूनमधून उलटत आठ-दहा मिनिटं वाफ द्या.

६. कडा सुटल्या, भाजल्या मक्याचा वास आला की झाली. भांडं ताटात उपडं करा.

सर्वात मोठी चूक म्हणजे चौथ्या पायरीलाच गॅस बंद करणं. गोळा झाल्यासारखा दिसतो, पण पीठ आतून कच्चं असतं, जिभेला चरचरीत लागतं आणि पोटात गुबारा धरतो. दुसरी चूक आपल्या हाताच्या सवयीची: तूप, जिरं, हिरवी मिरची घालून ‘चव आणणं’. उगाली मुद्दाम सपक असते, चव भाजीची किंवा माशाची. तुपाची उगाली घरी दुसऱ्या दिवशी जरूर खा, पण प्रकल्पात ती नको.

सावध: दुसऱ्या-तिसऱ्या पायरीला पीठ फुटून उडतं आणि चांगलंच भाजतं. दहा वर्षांखालच्या मुलाने तिथे ढवळायचं नाही. त्याने पाणी-पीठ मोजावं, वेळ लावावी, आणि शेवटी मोठ्या माणसाचा हात धरून म्विको फिरवून बघावा.

### भाजी

सुकुमा किंवा कुंडेला तेल, कांदा, टोमॅटो, मीठ. मोहरी, हळद, गोडा मसाला काही नाही. सुकुमा तीन-चार मिनिटांत काढा, हिरवीगार राहायला हवी. मनागू आधी उकडून पाणी काढून टाका, मग कांद्यावर परता आणि थोडं दूध किंवा साय घाला. दुधाने कडूपणा उतरतो, ही इथली जुनी रीत आहे.

### गिथेरी

पांढरा वाळका मका फार टणक असतो. मका आणि घेवडा दोन्ही रात्रभर भिजवा, वेगवेगळे शिजवा, मग एकत्र करा. एकत्र कुकरला लावले तर घेवड्याचा लगदा होतो आणि मका दाताखाली तसाच येतो. लाल घेवडा भिजवलेलं पाणी फेकून द्या आणि नव्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळून उकळा. अर्धवट शिजलेल्या घेवड्याने उलट्या होतात, म्हणून मंद आचेच्या इलेक्ट्रिक भांड्यात तो सुरुवातीपासून घालू नका. वेळ नसेल तर बाजारात उकडलेलं मिश्रण मिळतं, ते घरी आणून पुन्हा चांगलं उकळा.

मुर्सिक घरी करायचा प्रयत्न करू नका. वाळका भोपळा, योग्य लाकूड आणि सरावलेला हात याशिवाय ते नुसतं नासलेलं दूध होतं.

## टप्पा ६: जेवायची रीत

नुसतं शिजवून फोटो काढला की काम संपलं असं समजू नका. जेवायच्या आधी एकाने तांब्याने पाणी ओतावं आणि बाकीच्यांनी हात धुवावेत. उजव्या हाताने उगालीचा तुकडा तोडून तळहातावर गोल करायचा, अंगठ्याने खळगा पाडायचा आणि त्यात भाजी उचलायची. सगळ्यांनी चमचे बाजूला ठेवून जेवा.

## टप्पा ७: आता कागद

मुलाला पाच गोष्टी लिहायला सांगा: समाज आणि प्रदेश, पदार्थाचं त्या समाजाच्या भाषेतलं आणि स्वाहिली नाव, कुणी सांगितलं, आपण कसं केलं, करताना काय वेगळं जाणवलं. चित्र हाताने काढलेलं. घरी काढलेला एक फोटो पुरे.

शब्द जपून वापरा. ‘आफ्रिकन फूड’ नाही, कारण आफ्रिका हा खंड आहे. ‘ते लोक हाताने खातात’ हे वाक्य मराठी मुलाच्या वहीत यायलाच नको. आणि देशी भाज्यांना ‘गरिबांचं खाणं’ म्हणू देऊ नका. ही समजूत केनियातही होती, आणि तिच्यामुळेच किती तरी भाज्या ताटातून हद्दपार होत चालल्या होत्या. म्हणून २००७ पासून केनियात जतनाचं काम हाती घेतलं गेलं, सुमारे ८५० देशी वनस्पतींची त्यांच्या स्थानिक नावांसह नोंद झाली, आणि त्या कामात प्राथमिक शाळेतली मुलंही सामील होती. युनेस्कोने २०२१ मध्ये या कामाची जतनाच्या उत्तम पद्धतींच्या नोंदवहीत नोंद घेतली. तुमच्या मुलाने आजीला विचारून वहीत लिहिलेलं एक भाजीचं नाव हे त्याच जातीचं काम आहे, हे त्याला जरूर सांगा.

सावध: मुलाची वाक्यं सुधारायचा मोह आवरा. शुद्धलेखन तपासा, वाक्य तसंच राहू द्या.

## टप्पा ८: शाळेत नेणं आणि बोलणं

उगाली डब्यात नेऊ नका. थंड झाली की दगड होते. उकडलेलं रताळं, न्दुमा किंवा मक्याचं कणीस नीट टिकतं. गिथेरी न्यायची असेल तर सकाळी उकळून, गरम पाण्याने आधी तापवलेल्या थर्मासमध्ये भरा. रात्री शिजवून बाहेर ठेवलेली गिथेरी मुळीच नको. शेंगदाणे घातलेलं काही देण्याआधी वर्गात कुणाला ॲलर्जी आहे का ते विचारा. डब्यावर जिन्नस लिहा, मांस किंवा मासा आहे-नाही हेही लिहा. खायला काही न्यायची परवानगी नसेल तर छोट्या बरण्यांत विंबी, म्तामा, मका, तूर आणि चवळी न्या.

आदल्या रात्री कागद बाजूला ठेवून मुलाला तीन प्रश्न विचारा. हे कुणाचं जेवण आहे? तुला कुणी सांगितलं? करताना अवघड काय गेलं? पहिल्याला अडलं तर दुसरा टप्पा पुन्हा वाचून दाखवा. दुसऱ्याला अडलं तर त्या व्यक्तीला पाच मिनिटांचा फोन करू द्या, अजून वेळ आहे. तिसऱ्याला अडलं तर सुफुरिया काढा आणि उगाली पुन्हा करा, या वेळी पीठ मोजण्यापासून ताटात उपडी करेपर्यंत मुलाला शेजारी उभं करून.